रिकामा ड्राइव्ह

१९९३ साली धुळ्याहून माझे जुने स्नेही पंडितभाऊ यांचं पत्र आलं. सोबत डॉसच्या, म्हणजे संगणक चालवणाऱ्या प्रणालीच्या, तीन फ्लॉप्यांच्या हुबेहूब प्रती होत्या. ‘नाना, वाचनालयातल्या जुन्या संगणकावर टाका आणि चाललं का ते कळवा. घाबरता काय, चावत नाही तो!’ मला जमेलसं वाटेना, म्हणून उत्तर राहिलं. पुढच्या वर्षी पंडितभाऊच गेले.

वाचनालयाच्या नोकरीतून निवृत्त झालो तेव्हा भंगारात निघालेला तो संगणक त्यांनी मला दिला. जळगावच्या घरी, भर दुपारी, मी पहिली फ्लॉपी घातली. ड्राइव्ह वाजू लागला. टक टक, थोडं थांबून टक. पंडितभाऊ वाचनालयाचं काय, आमच्या घराचं काय, दार असंच वाजवायचे. फार बरं वाटलं.

पडद्यावर दुसरी फ्लॉपी घालायची सूचना आली. मी पहिली काढली. रिकामा ड्राइव्ह पुन्हा वाजला. टक टक, थोडं थांबून टक.

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, “अहो, दार उघडा ना. पंडितभाऊ आलेत.” मग तिने हळूच गॅस बंद केला.

मी उरलेल्या फ्लॉप्या घातल्या. डॉस सुरू झालं. लगेच कार्डावर लिहिलं, ‘चाललं, पंडितभाऊ.’ खाली त्यांचा धुळ्याचा जुना पत्ता घातला.

कोपऱ्यावरच्या टपालपेटीशी हात अडला. आतून कुणीतरी वाजवत होतं. टक टक, थोडं थांबून टक.

मी कार्ड सोडलं.