साखरेचा डबा

“अम्माजी, अब और मत टालिए,” डॉक्टर कौशिक म्हणाले. “मोतियाबिंद पक चुका है. एक महीना और रुकीं, तो फिर रोशनी लौटाना मेरे बस में नहीं.”

“गर्मी में आँख नहीं बनवाते,” शारदाबाईंनी मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकलत उत्तर दिलं. हिवाळ्यात त्यांनी हेच उत्तर थंडीच्या नावाने दिलं होतं.

त्यांची मुलगी नीरजा झाशीतल्याच एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. सिविल लाइंसमधल्या घरी परतताना तिने रिक्षातच वर्ग घेतला.

“डोळ्याच्या भिंगातली पेशी कधी गळून पडत नाही, आई. कातडी झडते, केस जातात, भिंगात आलेलं मात्र आतच राहतं. जुन्यावर नवा थर चढतो, कांद्यासारखा. मधल्या पेशी तर तू आजीच्या पोटात होतीस तेव्हाच्या.”

“अजून आहेत?”

“आहेत. उजेड आरपार जावा म्हणून त्यांनी आपलं केंद्रकसुद्धा टाकून दिलेलं असतं. मग नवं प्रथिन बनवता येत नाही, जन्मभर जुनंच सांभाळायचं. शेवटी त्याच्या गुठळ्या होतात. अंड्यातला पातळ बलक तापला की पांढरा होतो ना, तसं.”

“दुसऱ्याला दिसावं म्हणून स्वतःचं काहीच ठेवायचं नाही,” शारदाबाई म्हणाल्या. “बिचाऱ्या.”



घरी आरामखुर्ची करकरली. शारदाबाईंनी चाचपत जाऊन चहा टाकला, बिनसाखरेचा. ह्यांना मधुमेह होऊन अकरा वर्षं झाली होती. कप हातात दिला तेव्हा खुर्चीतून नेहमीचा खोकला आला, आणि मग औषध प्यावं तसा एक घोट.

दोन वर्षांपूर्वी शारदाबाईंना हृदयविकाराचा झटका आला. तीन आठवडे त्या ग्वाल्हेरच्या दवाखान्यात होत्या. तेव्हाच त्यांना माणसं नुसत्या आकारांसारखी दिसू लागली होती. घरी सोडताना तिथल्या डॉक्टरांनी नीरजाला बजावलं होतं, की धक्का बसेल असं काही कानावर जाऊ देऊ नका. म्हणून त्याच दिवसांत धाकटे दीर दिवाकर गेल्याची बातमीही त्यांना आठवडाभराने, जपून सांगितली गेली. दिवाकरांनी लग्न केलं नव्हतं, ते याच घरात राहायचे. तेव्हापासून आरामखुर्चीतून शब्द मोजून मापून यायचे. झोपणंही बाहेरच्या खोलीत सुरू झालं होतं. भाऊ गेल्यावर माणूस असा होतो, असं शेजारचे म्हणायचे.

भिंतीवर फोटो लागला. शारदाबाई दर सोमवारी हाताने चाचपून त्याचा हार बदलायच्या.

“एक सांगू?” त्या संध्याकाळी त्या नीरजाला म्हणाल्या. “भाऊजी गेलेत असं मला वाटतच नाही. दुपारी सगळं सामसूम झालं की स्वयंपाकघरात साखरेच्या डब्याचं झाकण वाजतं. रोज.”

नीरजाच्या हातातली पळी खाली पडली.

“मुंग्या झाल्यात तिथे,” ती म्हणाली.

“मुंग्या झाकण उघडत नाहीत. तीन चमचे साखर लागायची त्यांना चहात. माणिक चौकातली जिलबी आणली की निम्मी रस्त्यातच संपायची. आवाज तर ह्यांच्यासारखाच. फोनवर मी कितीदा फसलेय.” “वर्षश्राद्धाची खीर आठवते? तू श्राद्धाला बसलीस आणि खीरही तूच केलीस. पानात वाढली, तर साखरच नाही. भाऊजींना चालली असती होय असली खीर?”

“सवयीने राहिली, आई.” नीरजाला एकदम रडू फुटलं. शारदाबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, पण काही विचारलं नाही.

“ऑपरेशन नको,” त्या म्हणाल्या. “मला आहे तेवढं पुरे. घर पायांना माहीत आहे.”

“ठार आंधळी होशील! आबा, तुम्ही तरी सांगा तिला.” आबा म्हणताना नीरजाचा आवाज कापला.

खुर्ची करकरली. मग कित्येक महिन्यांत आला नव्हता एवढा शब्दांचा ऐवज एकदम आला.

“करून घे. माझं काय व्हायचं ते होऊ दे. पण तु... तुला दिसायला हवं.”

शारदाबाई आवाजाच्या दिशेने पाहत राहिल्या. पांढऱ्या धुक्यात एक काळसर आकार होता, तेवढाच.

“असं म्हणता?” त्या म्हणाल्या. “बरं मग.”

ऑपरेशन पंधरा मिनिटांत झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी पट्टी काढली, तशी शारदाबाईंनी समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर तारखेसकट वाचून दाखवलं. डॉक्टर हसले. नीरजाला हसता आलं नाही.

काळा चष्मा लावून त्या घरी आल्या. भिंतीवरचा फोटो काढून ठेवावा असं रात्रीत दोनदा नीरजाच्या मनात आलं होतं, पण हात धजावला नव्हता. आता तिच्या मुठीत आईच्या हृदयाच्या गोळ्यांची पट्टी होती. आरामखुर्चीतला माणूस उठून उभा राहिला होता. पळायला जागा नसल्यासारखा तो भिंतीला टेकला.

शारदाबाईंनी चष्मा काढला. आधी त्या फोटोसमोर गेल्या. खूप वेळ पाहिलं. डोळ्यांत पाणी आलं, ते डॉक्टरांची ताकीद आठवून त्यांनी न चोळता तसंच वाहू दिलं. हार थोडा तिरका होता, तो सरळ केला.

“आई,” नीरजा म्हणाली, “बस ना जरा.”

“चहा कर. तिघांना.”

चहा झाला. शारदाबाईंनी एक कप स्वतःकडे ओढला, फळीवरचा डबा पहिल्याच खेपेला उचलला आणि कपात काहीतरी घालून सावकाश ढवळलं. मग न चाचपता चालत गेल्या आणि भिंतीला टेकलेल्या माणसासमोर कप धरला.

“तीन चमचे घातलेत, भाऊजी,” त्या म्हणाल्या. “आता दुपारी चोरून डबा उघडायला नको.”