मधोमध पृथ्वी

विज्ञानाच्या बाई शाळेत अकरा वर्षं तात्पुरत्याच होत्या. यंदा कायम करते, असं मोठ्या बाईंनी कबूल केलं होतं. फक्त कार्यक्रमात पाचवीची सूर्यमाला झोकात व्हायला हवी होती.

तालमीला संस्थेचे अध्यक्ष आले. त्यांचा नातू पृथ्वी झाला होता आणि गोल गोल फिरून रडकुंडीला आला होता. मधोमध सूर्य होऊन ऐटीत उभी होती शिपायाची मुलगी.

"आमच्या बाळ्याने फिरायचं आणि हिने नुसतं उभं राहायचं? फोटोत कसा येणार तो?" अध्यक्ष म्हणाले. "पृथ्वीला मध्ये घ्या. सूर्य फिरेल."

"अहो साहेब, पण सूर्य..."

मोठ्या बाईंनी हळूच कोपर मारलं. "बाई, कायम व्हायचंय ना?"

कार्यक्रम दणक्यात झाला. सूर्याने बाळ्याला सात फेऱ्या मारल्या, टाळ्याही पडल्या. बाईंनी नंतर वर्गात तीनदा खरं काय ते सांगितलं, पण पोरांनी डोळ्यांनी पाहिलं ते पाहिलं. सहामाहीत एकजात सगळ्यांनी लिहिलं, सूर्य पृथ्वीभोवती फिरतो. बरोबर उत्तर एकट्या बाळ्याचं, कारण त्याला घरी शिकवणी होती.

अध्यक्षांनी पेपरांचा गठ्ठा मोठ्या बाईंच्या टेबलावर आपटला.



"या विज्ञानाच्या बाईंना साधी सूर्यमाला येत नाही हो! उद्यापासून यांच्या जागी बाळ्याच्या शिकवणीच्या बाई येतील. कायम."