जुन्या गावावरचं पाणी

गुंजन नव्या मास्कच्या काचेवर बोटाने टूथपेस्ट घासत होती. समोर बाजेवर तिचे आजोबा बाबुलाल बसले होते. पाण्याखाली काचेवर वाफ धरू नये म्हणून असं घासावं लागतं, हे तिने त्यांना न विचारताच सांगितलं. ते ऐकता ऐकताच उठले, चपला पायात सरकवल्या आणि फाटकाबाहेर पडले.

“पाह्यलं?” तिची आई रीता बाहेर पडलेल्या सासऱ्यांकडे पाहत दारातून म्हणाली. “मामाजीले पाण्याचं नावच सहन नाही होत. अन् तू त्याइच्या समोरच ते घेऊन बसली.”

दुसऱ्या दिवशी सकाळी भंडाऱ्याहून कॉलेजच्या स्कुबा क्लबची पोरं मालवणला निघणार होती. आठवडाभराचं प्रशिक्षण, तेही खऱ्या समुद्रात. वर्षभर गुंजन शहरातल्या तरणतलावात पाठीवर टाकी बांधून शिकली होती. तळाशी बसून शांत श्वास घ्यायचा, मास्कमध्ये शिरलेलं पाणी नाकाने फुंकून काढायचं, भीती वाटली तर वर पळायचं नाही, जोडीदाराला खूण करायची. हे सगळं तिला आता झोपेतही जमलं असतं. बॅग भरून झाली होती. तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबाही वर ठेवून झाला होता. आजोबांचा होकार तेवढा बाकी होता. तिचे बाबा कैलाश यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, “आबाजी हो म्हणतीन तरच जाजो. मी त्याइच्या शब्दाबाहेर नाही.”

आणि आबाजी महिनाभर हो म्हणाले नव्हते, नाहीही म्हणाले नव्हते.

का, ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांचं जुनं गाव गोसेखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलं तेव्हा गुंजन अंगणवाडीत होती. गाव उठून पुनर्वसनाच्या नव्या वस्तीत आलं. वस्तीच्या टोकाला उभं राहिलं की ते पाणी दिसायचं. बाकीचे हळूहळू सरावले. कोणी तिथे जाळी टाकू लागलं, पोरं डुंबू लागली. बाबुलाल मात्र तिकडे कधी फिरकले नाहीत. पवनीला जायचं तरी लांबच्या रस्त्याने जायचे. त्या पाण्यातले मासे घरात शिजले तर त्या दिवशी चटणीभाकरी खायचे. अशा माणसाकडे नातीने पाण्याखाली जायची परवानगी मागावी, हेच मुळात चुकलं, असं रीताला वाटत होतं.

उन्हं कलली तरी ते परतले नाहीत. गुंजन शोधायला निघाली. पारावर ते नव्हते. पानठेल्यावरही नव्हते.

“मंघाशीच गेले ना,” ठेलेवाला नत्थू म्हणाला. “तिकडं, पाण्याकडं.”

तिला आधी ते खरंच वाटलं नाही. मग ती पळतच सुटली.

बाबुलाल अगदी काठाशी उकिडवे बसले होते. लाट आली की चपलांची टोकं भिजत होती.

“आबाजी!” तिला धाप लागली होती. “इथं काहून बसले? चला घरी. मी नाही जात मालवणले. सरले सांगून टाकते.”

त्यांनी मान वळवली नाही. “ते टाकी लावून किती खोल जाता येते व?”

“शिकल्यावर? अठरा मीटर.”

“आपल्या वावरावर एवढं पाणी नसन,” ते म्हणाले.

गुंजन त्यांच्याजवळ ओल्या मातीत बसली. पाण्यात दूरवर वाळलेल्या झाडांचे शेंडे उभे होते. बाबुलालनी तिकडे बोट केलं.

“त्या झाडाइच्या अल्याड आपलं वावर होतं. बांधाच्या धुऱ्यावर मोहाचं झाड. तुया बापाच्या आधी आमाले एक पोरगी झाली होती. गुड्डी. बोलाले लागली होती थोडी थोडी. तापात गेली. लहान लेकराले जाळत नाही आपल्यात. मोहाखाली ठेवलं तिले.”

हे नाव गुंजनने घरात कधीच ऐकलं नव्हतं.

“गाव उठलं तवा लोकाइनं दारं आणली, चौकटी आणल्या. देवळातला मारोती गाडीत बसवून आणला. तिले कसं आणाचं? तुयी आजी मरेपर्यंत इकडं तोंड करून निजली.” त्यांनी भिजलेल्या चपला काढून बाजूला ठेवल्या. “तू ते शिकून राहिली म्हणून समजलं, तवापासून तुले इचारीन इचारीन म्हणतो. तोंडच उघडत नाही माह्यं. तू जा. चांगली शिकून ये. मंग एक डाव तिथं जाजो.”

गुंजनने त्या शेंड्यांच्या अलीकडच्या पाण्याकडे पाहिलं. त्या तळाशी काय असतं, ते तिला माहीत होतं. समोर धरलेला स्वतःचा हातही दिसला नसता. पण या माणसाशी खोटं बोलणं तिला जमणार नव्हतं.

“आबाजी,” ती हळूच म्हणाली, “जाईन मी. पण या पाण्यात खाली काईच दिसत नाही. नुसता गाळ असते.”

“पाह्याले कुठं म्हणतो मी,” बाबुलाल म्हणाले. “मोहाच्या बुडाशी जरा थोपटून येजो. थोपटल्याबिगर झोप नव्हती येत तिले.”