रिकामा रकाना

कारकूनबाईंनी नोंदवहीत पट्टी धरून एका नावावर लाल रेघ मारली.

"झालं, काका. दोन्ही देशांचा करार झाला. तिकडच्या कोर्टानं दिलेला घटस्फोट आता इकडेही धरतात."

म्हातारा सुतार टेबलाला टेकून उभा होता. कामावरून परस्पर आला होता, पेन्सिल अजून कानामागेच होती. ज्या बाईबरोबर तो इतकी वर्षं राहिला, ती वारल्यावर मृत्यूच्या नोंदीत पतीच्या रकान्यात तिच्या पहिल्या नवऱ्याचं नाव लागलं होतं. तिकडच्या कोर्टानं तिला त्याच्यापासून मोकळं केलं, त्याला एकतीस वर्षं झाली. इकडे तो निकाल कुणी मानलाच नाही, म्हणून सुताराशी तिचं लग्न लागलं नाही. संसार मात्र झाला. जाताना तिनं एकच मागणं केलं होतं, त्या माणसाचं नाव माझ्यापुढे राहू देऊ नका.

"कधीपासून धरतात?" सुतारानं विचारलं.

"निकालाच्या तारखेपासून."

"म्हणजे एकतीस वर्षं ती मोकळीच होती?"

"कागदावर, हो."

"मग दर वर्षी लग्न नोंदवायला आलो की आम्हाला माघारी का पाठवत होतात?"

"तेव्हा करार नव्हता ना." बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. "मीच पाठवायचे. काकू एकदा चिडून म्हणाल्या होत्या, तुम्ही रिटायर होताय की मी मरतेय, बघूच कोण आधी ते."

"तिला नेहमी पहिला नंबरच लागायचा," सुतार म्हणाला.

बाईंनी चष्मा परत चढवला.

"आता तिथं माझं नाव लागेल?"

"लग्नाचा दाखला नाही, काका. आणि रकाना रिकामा ठेवता येत नाही. मागाहून कुणीतरी काहीतरी घुसडतं. आडवी रेघ मारावी लागते."

त्या उठल्या. "आतून शिक्का घेऊन येते. रेघ आल्यावर मारते." वही त्यांनी त्याच्याकडे वळवली आणि पेन उघडंच वर ठेवलं. शिक्का टेबलावरच होता.

सुतारानं पेनाकडे पाहिलं. खोटी सही करून लग्न उरकू, असं तो एकदा म्हणाला होता, तर ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नव्हती. त्यानं पेनाला टोपण लावलं.

मग कानामागची पेन्सिल काढली. जोडायच्या दोन फळ्यांवर तो आतल्या बाजूनं एकच खूण करायचा, कुठली फळी कुणाची जोडी ते चुकू नये म्हणून. तीच बारीकशी खूण त्यानं रकान्याच्या कडेला केली.

बाई परत आल्या. त्यांना खूण दिसली, पण त्यांनी काही विचारलं नाही. पट्टी ठेवली, पेनाचं टोपण काढलं, रेघ ओढली आणि खुणेच्या अलीकडेच थांबवली.