आईच्या पेशी

“तुझ्या पेशी मुक्या आहेत,” भाऊ म्हणाला.

“तुझी चिप बहिरी आहे,” ताईने तिथल्या तिथे परतवलं.

लहानपणी एकाच सायकलवरून ही दोघं अशीच भांडायची. आता मध्ये होती काचेची एक बशी. बशीत ताईने वाढवलेल्या पेशी आणि त्यांना खेटून भावाने बनवलेली नखाएवढी चिप. पेशींची भाषा रेणूंची, म्हणून चिप रेणू सोडायची. ‘साखर वाढली आहे, इन्सुलिन कराल का?’ एवढाच तिचा निरोप. पेशींनी उलट रेणू सोडून ‘हो’ म्हणायचं, की पडद्यावरची रेघ वर चढणार. पण रेघ आपली ढिम्म.

पेशी आईच्या होत्या. तिच्या दंडाची चिमूटभर कातडी घेऊन ताईने त्या घडवल्या होत्या. साखरेने आईचे डोळे आधीच अधू केले होते. उत्तर आलं असतं, तर पेशी आणि चिपची ही जोडी पुढे आईच्याच शरीरात बसवता आली असती. आणि आजचा प्रयोग शेवटचा होता. उद्यापासून प्रयोगशाळेतली ही जागा दुसऱ्या गटाची.

भावाने निरोप सोडला. थोडं थांबायचं, मग बशी धुवायची, मग पुन्हा विचारायचं, ही त्यांची पद्धत. जुने रेणू नव्यांत मिसळले तर सगळा घोळ. धुण्याचं बटण ताईकडे असायचं आणि स्वच्छतेच्या बाबतीत ती सख्ख्या भावाचंही ऐकत नसे.

तेवढ्यात फोन वाजला. आई.

“जेवलात का रे दोघं?”

नाही जमलं, हे आता सांगावं लागणार. ते टाळायला ताईने विचारलं, “तू कशी आहेस?”

पलीकडे शांतता. आईचं हे नेहमीचंच. एरवी ताई म्हणायची, “बरी आहेस ना? चल, ठेवते.” आज तिला ठेववेना.

“ताई, वेळ झाली! धू ना!” भाऊ कुजबुजला. तिने हातानेच त्याला थांबवलं.

बऱ्याच वेळाने आई बोलली. “पाय बधिर झालेत गं. कधीचं सांगायचं होतं. पण मी शब्द जुळवेपर्यंत तुम्ही फोन ठेवता.”

ताईने भावाकडे पाहिलं. तो पडद्याकडे बघत होता. रेघ थरथरली. थबकली. मग चढतच गेली.

दोघांच्याही अंगावर काटा आला. एवढ्याशा बशीत, उघड्या डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांनी यंत्राचा निरोप ऐकला होता, उत्तर मुळापासून घडवलं होतं आणि पाठवलंही होतं! थांबायचा वेळ ताईने दुसऱ्यांच्या पेशींवरून ठरवला होता. या जरा सावकाश होत्या. दर वेळी उत्तर येईपर्यंत तिने बशी लख्ख धुऊन टाकली होती.

“अगं बाई!” ताईचा आवाज फुटला. “ही सारखी बोलत होती रे. आपणच थांबत नव्हतो.”

“कोण बोलत होतं गं?” फोनवरून आईने विचारलं.

भावाने डोळे पुसले.

“तूच, आई.”