विमानावरची नजर

डोळ्यांवर गॉगल चढवला की मला फक्त माझ्या रिमोटवरच्या छोट्या विमानातल्या कॅमेऱ्यातलं दिसतं. म्हणून आमच्या विमानं उडवणाऱ्यांच्या क्लबचा नियमच आहे, शेजारी उभ्या असलेल्याने उघड्या डोळ्यांनी विमानावर नजर ठेवायची. माझ्याबरोबर बारा वर्षं अप्पाच येतात, माझे वडील.

"दिसतंय ना, अप्पा?"

"दिसतंय. खाली कुणी नाही."

विमान लांबून वळवून आणलं, तेव्हा कॅमेऱ्यात आम्ही दोघं आलो, पाठमोरे. विमान आमच्या मागे होतं आणि अप्पा कपाळावर हात धरून समोरचं रिकामं आकाश न्याहाळत होते.

"आता कुठंय?"

"हे काय, समोरच."

मी विमान गुपचूप उतरवलं.

"एवढ्यात?"

"बॅटरी संपली."

नेहमीसारखा माझा खांदा धरून ते गाडीकडे निघाले. आजवर मला ती माया वाटायची.