पिकअपची गळती

बहात्तरच्या दुष्काळात करडई करपली आणि गावात फोडणीपुरतंही तेल राहिलं नाही. सोसायटीच्या जुनाट डिझेल पिकअपची तऱ्हा मात्र वेगळी. इंजिनात कितीही तेल ओता, सकाळपर्यंत ते खालून थेंब थेंब गळून जायचं. ड्रायव्हर बब्रुवान अगदी मेटाकुटीला आला. कुणी म्हणालं पातळ तेल घाल, त्यानं घातलं. कुणी म्हणालं घट्ट घाल, तेही घातलं. रोज संध्याकाळी पारावरच्या मारुतीपुढं गाडी लावून तो हात जोडायचा, "देवा, एवढी हिची गळती थांबव!" मारुती आपला काळपट पडलेल्या चेहऱ्यानं चकाकत नुसता बघत राहायचा.

अखेर तुळजापूरच्या मिस्त्रीनं इंजिनाचं पॅकिंग बदललं आणि सोलापूरहून मागवलेलं भारी तेल भरलं. शनिवारी सकाळी बब्रुवान वाकून बघतो तर काय, गाडीखालची जमीन कोरडीठाक! आनंदाच्या भरात त्यानं मारुतीपुढं नारळ फोडला आणि मागं वळला. शेजारची विठाबाई रिकामी वाटी घेऊन गाडीखालून रांगत बाहेर येत होती. तिच्यामागं आणखी चार बायका वाट्या धरून ओळीनं उभ्या होत्या.

"आवं मावशी, हे काय?"

विठाबाईनं पदरानं कपाळ पुसलं.

"आरं बब्रुवाना, पातळ तेल देवाच्या अंगावर ठरत न्हवतं, आन् ह्ये भारी तर वाटीतच पडंना. ते मधलं घट्ट तेलच आण बाबा परत, मारुतीला लई मानवलं व्हतं!"